आई, खाली उभी असतात ती मुलं

लंडन, ६ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर तू विचारलंस, दिवाळी होऊन गेली तरी तुमच्याकडे फटाके कसले? अगं, ५ नोव्हेंबरला इथे गाय फॉक्सची रात्र असते. १६०५ साली या माणसाचा आणि त्याच्या साथीदारांचा पार्लमेंट उडवून द्यायचा कट फसला, तेव्हापासून त्या दिवशी शेकोट्या पेटवतात, फटाके उडवतात. कामाची पाळी संपवून आले तर त्या आवाजात झोप लागेना, म्हणून ‘अटॅक द ब्लॉक’ हा सिनेमा लावला. दिग्दर्शक जो कॉर्निशचा, २०११ सालचा. तोही याच रात्री घडतो, आणि घडतो इथेच, दक्षिण लंडनमध्ये.

सुरुवातीलाच एक शिकाऊ नर्स एकटी चालत घरी येत असते. तोंडाला रुमाल बांधलेली पाच पोरं तिला अडवतात, चाकू दाखवून पर्स, फोन, बोटातली अंगठी काढून घेतात. तुला माझ्याबद्दल रोज वाटते ती काळजी जशीच्या तशी! मी बंदच करणार होते. तेवढ्यात आकाशातून काहीतरी येऊन बाजूच्या गाडीवर आदळतं. परग्रहावरचं जनावर. पोरांचा म्होरक्या मोझेस त्याच्या मागे लागून त्याला मारतो आणि मिरवत आपल्या इमारतीत नेतो. मग दुसरी उतरतात. अस्वलाएवढी, इतकी काळी की अंगावर उजेड ठरत नाही. डोळे नाहीत, अंधारात फक्त निळसर दात चमकतात.

आणि ही पोरं लढतात कशाने, तर फटाके, बॅट, एक जपानी तलवार! एक बिचारा जवळजवळ सगळा सिनेमा कचऱ्याच्या मोठ्या डब्यात अडकून बसलाय, बाहेर जनावर टपलेलं. दोन अगदी चिमुरडी पाण्याच्या पिचकारीत पेट्रोल भरून हिंडतात, मोठी त्यांना हिंग लावून विचारत नाहीत. मी एकटीच मोठमोठ्याने हसत होते.

जनावरं मोझेसच्याच मागे का, ते फार छान गुंफलंय. पहिली मारली ती मादी होती. तिचा वास त्याच्या कपड्यांना लागलेला, पतंगांमध्ये नर जसा वासावर येतो तसे हे येतात. म्हणजे त्या रात्री जे जे मेले, ते त्याच्या एका कृत्यामुळे. हे कळल्यावर तो पळत नाही, सगळं स्वतःच्या अंगावर घेतो.

पण मला रडू आलं ते वेगळ्याच जागी. शेवटाकडे ती नर्स त्याच्या घरात शिरते. त्याच्या खोलीत पलंगावर स्पायडरमॅनचं पांघरूण असतं. ती वय विचारते. पंधरा. तोवर मीही त्याला पुरुषच समजत होते, आई. पुढे पोलिस त्याला पकडतात तेव्हा तीच सांगते की हे माझे शेजारी आहेत.

कॉर्निशला स्वतःला असंच लुटलं होतं. ती पोरंही आपल्याइतकीच घाबरलेली आहेत, हे त्याला तेव्हा दिसलं आणि त्यातून हा सिनेमा आला. मोझेस झालेला जॉन बोयेगा इथल्याच पेकहॅमचा, हा त्याचा पहिला सिनेमा. चारच वर्षांनी तो ‘स्टार वॉर्स’मध्ये होता. चित्रीकरणाचा काही भाग हेगेट वसाहतीत झाला. हजारावर घरांची ती वसाहत पुढे पाडली. माझी बस तिथूनच जाते, आता सगळे नवे टॉवर. तुमच्या परळला गिरणीच्या जागेवर उभे राहिले तसे.

तूच सांगायचीस ना, चाळीच्या नाक्यावरच्या पोरांना सगळे मवाली म्हणायचे, पण आजोबांना छातीत दुखायला लागलं तेव्हा खुर्चीत बसवून तीन जिने त्यांनीच उतरवलं?

गेल्या महिन्यात आमची लिफ्ट बंद होती. जिन्याखाली टोपी ओढून उभा असतो त्या मुलाने न विचारता माझी तांदळाची पिशवी पाचव्या मजल्यावर आणून ठेवली. मी तुला हे बोलले नाही, कारण त्याच्या आदल्या दिवसापर्यंत मी त्याला बघून रस्ता बदलत होते. आज सकाळी कामावर जाताना थांबले, त्याचं नाव विचारलं, वयही. चौदा. आजीबरोबर राहतो.

चिनूबरोबर सिनेमा बघ. शिव्या आणि रक्त बरंच आहे, तेव्हा आजी झोपल्यावर लावा.

तू पाठवलेल्या चकल्यांतला एक डबा मी त्या मुलासाठी बाजूला काढून ठेवलाय.

तुझी,
धाकटी