माझ्या आईसाठी हातातले काम थांबवणाऱ्या मिठागरावरील काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

उरणहून सोलापूरला परतल्यापासून आई भेटेल त्याला आपल्याविषयी सांगते आहे. आपल्याला विचारलेले नसल्यामुळे आपले नाव येथे लिहीत नाही, पण हे पत्र कोणीतरी आपल्याला वाचून दाखवावे, अशी फार इच्छा आहे.

आईचे पक्षी म्हणजे आमच्या माळावरचे आणि तळ्यांवरचे. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले, त्यानंतरच्या काळात तिने तिथे माळढोक डोळे भरून पाहिला, आणि पुढे तो दिसेनासा होत गेल्याची खंतही मनात बाळगली. खाडीकाठचे पक्षी तेवढे पाहायचे राहिले होते. ज्यांनी आगाऊ पैसे घेऊन आम्हाला उरणपर्यंत आणले, त्या सहल आयोजकांनी आईचे दुखरे गुडघे पाहताच 'तुम्ही गाडीतच बसा' असे सांगितले आणि बाकीच्यांना घेऊन ते पुढे निघून गेले. तिचा उतरलेला चेहरा मी विसरू शकत नाही.

आपण आमचे कोणीच नव्हता. तरीही आपण होऊन जवळ आलात, आईला हात धरून जवळच्या बांधावर नेलेत, रिकामी पोती घडी करून बसायला दिलीत आणि म्हणालात, "आजी, घाई करू नका. भरती भरली की पाखरं आपणहून इथं येतील." तसेच झाले. खाडीतला चिखल पाण्याखाली जाऊ लागला तसे थवेच्या थवे मिठागराच्या उथळ वाफ्यांत उतरले: शेकाटे, चिखले, सैबेरियाच्या टुंड्रा प्रदेशात वीण करून हिवाळ्यासाठी इतक्या दूर आलेले बाकचोच तुतारी, आणि पाण्याच्या कडेने यंत्रमागाच्या धोट्यासारखे सतत इकडून तिकडे धावणारे इवलेसे टिलवे.

काका, सर्वांत मोलाची गोष्ट त्यानंतर घडली. उभ्या माणसाला पाखरे बुजतात हे आपल्याला ठाऊक होते, म्हणून मीठ ओढायचे लाकडी फावडे आपण आवाज न करता बांधावर आडवे ठेवलेत आणि तिथेच उकिडवे बसून राहिलात. ऊन चढत होते, अर्धा वाफा ओढायचा बाकी होता, तरी आईने दुर्बीण खाली ठेवेपर्यंत आपण उठला नाहीत. एक टिलवा तिच्या पायांपासून दोन हातांवर येऊन चोच मारू लागला, तेव्हा तिने माझे मनगट घट्ट धरले होते. पैसे देऊ केले तर आपण दोन्ही हात मागे घेतलेत.

सौजन्य हे शिक्षणावर किंवा हुद्द्यावर अवलंबून नसते, असे आपण बोलण्याच्या ओघात नेहमी म्हणतो. पण स्वतःचा रोज बुडत असताना एका अनोळखी म्हातारीसाठी उन्हात बसून राहणारा माणूस मी प्रत्यक्ष पाहिला, आणि पैसे घेऊनही तिला गाडीत बसवून जाणारेही त्याच सकाळी पाहिले.

येत्या हिवाळ्यात हिप्परग्याच्या तलावावर पाहुणे पक्षी उतरतील, तेव्हा आपण काकूंसह सोलापूरला यावे, असे आईचे आग्रहाचे सांगणे आहे. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ती स्वतः करणार आहे, आणि तलावावर आपल्याला घेऊन जाण्याचे काम माझ्याकडे आहे.

आपला ऋणी,
सोलापूरचा एक पक्षीप्रेमी