हिरव्या ट्यूबने जंगल रंगत नाही

महोदय,

दिवाळीची सुट्टी संपली की कलावर्गांच्या निसर्गचित्रणाच्या सहली बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे निघतात. उपक्रम उत्तमच. पण मुलं बहुतेक वेळा एकसारखी पोपटी चित्रं घेऊन परततात. यात दोष त्यांचा कमी आणि सहल आखणाऱ्यांचा जास्त.

सुरुवात कागदापासूनच होते. १५० जीएसएमचा (एका चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाचा) ड्रॉइंग पेपर जलरंगाच्या ओल्या वॉशने, म्हणजे पातळ रंगाच्या थराने, फुगतो, खळग्यांत पाणी साचतं आणि वाळताना कंगोरेदार डाग उमटतात. ३०० जीएसएमचा कोल्ड प्रेस, म्हणजे किंचित खडबडीत, कागद परवडत नसेल तर एका फुल शीटचे आठ तुकडे करावेत. साडेसात बाय अकरा इंच दोन तासांच्या कामाला पुरे. तुकडा चारही बाजूंनी मास्किंग टेपने बोर्डावर चिकटवावा. मोठ्या कागदाचा हट्ट मुलांचा नसतो, प्रदर्शन भरवणाऱ्यांचा असतो.

बसायला सावली हवी, पण सलग. कागदावर उन्हाचे कवडसे हलत असले तर छटेचा अंदाज येत नाही. भर उन्हात कागद इतका उजळ दिसतो की रंग नकळत गडद लागतात आणि घरी चित्र काळवंडलेलं वाटतं. छत्री पांढरी किंवा करडी असावी, रंगीत छत्रीचा रंग कागदावर उतरतो. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणून आधी दोन बाय तीन इंचांचं पेन्सिलचित्र करून उजेड, मधली छटा आणि काळोख ठरवून टाकावा. पुढे सावल्या त्याच पाळायच्या, समोर कितीही सरकल्या तरी.

आता हिरवा. सॅप ग्रीन हा तयार हिरवा ट्यूबमधून थेट लावायची सवय आधी मोडायला हवी. पावसाळा सरल्यावरचा साग नीट पाहा: अळीने पानाचा गर खाल्लेला, शिरांची तपकिरी जाळी उरलेली, वर रस्त्याची धूळ. लांबून ते झाड चक्क खाकी दिसतं. अल्ट्रामरीन निळा आणि गॅम्बोज पिवळा यांच्या हिरव्यात तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना मिसळला की तो रंग सापडतो. कांडोळ या झाडाच्या पांढुरक्या खोडासाठी कागद कोरा सोडावा. मागाहून थापलेला पांढरा पोस्टर कलर वेगळा ओळखू येतो. पानांच्या फटींतलं आकाश मोकळ्या आकाशापेक्षा किंचित गडद घ्यावं, नाहीतर झाडाला भोकं पडल्यासारखी वाटतात.

उद्यान सोमवारी बंद असतं. खाऊचे डबे दिसले की माकडं येणारच, ते पिशवीतच असू द्यावेत. चित्रासाठी झुडपांत शिरून एकट्याने बसू नये. हे बिबट्यांचं रान आहे.

सर्वांत खटकतं ते ब्रश धुतलेलं पाणी. फ्रान्समध्ये फॉन्तेनब्लोच्या जंगलाचा हजारावर हेक्टर भाग १८६१ साली राखला गेला, तो चित्रकारांनी आवाज उठवल्यामुळे. आपल्याकडे कॅडमियम-कोबाल्टसारख्या धातूंच्या रंगांचं पाणी खुशाल ओढ्यात ओततात, आणि दहिसर नदी याच उद्यानातून वाहते. प्रत्येक मुलाकडे अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या असाव्यात, एक स्वच्छ पाण्याची, दुसरी रिकामी. मळकं पाणी दुसरीत भरून परत न्यायचं. सहलीच्या सूचनापत्रकात डब्याआधी या बाटल्या लिहाव्यात, एवढी कलाशिक्षकांना विनंती.

– दोन निसर्गचित्रकार, बोरिवली (पूर्व)