रेवतीच्या पायातलं कुलूप

आदरणीय बाई,

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही, ही तुमची अट पाळते आहे. पत्र मात्र चारचौघांत लिहिणार. तुम्ही मला जे दिलंत तेही चारचौघांतच दिलंत, पडदा वर करून.

सांगलीत वाढलेल्या माणसाला नाटकाचं वेड कुठून लागलं हे विचारायचं नसतं. विष्णुदास भाव्यांचं १८४३ चं 'सीतास्वयंवर' इथलं, नाटककार देवल हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे. आमच्या घरी आजोबा सकाळी अंघोळीच्या वेळी नाट्यपदं म्हणत आणि मी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून ताना उचलायची. तेव्हा उजव्या पायाला पहिलं कॅलिपर, म्हणजे पाय ताठ धरणारा धातूचा आधार, लागलं होतं. पोलिओ मला दीड वर्षाची असताना झाला. गाणं मात्र आठवतं तेव्हापासून आहे.

एका संस्थेत मी नऊ वर्षं विंगेत उभी राहून गायले. समोर दुसरी मुलगी ओठ हलवायची, आवाज माझा. "तुझा गळा हवाय गं, पण नायिका लंगडताना कशी दाखवायची?" असं मला प्रेमानेच सांगायचे, म्हणून तर उलट बोलता येत नसे. वन्समोअर आला की ती नमस्कार करायची आणि मी पुन्हा षड्ज धरायची. त्या मुलीवर माझा राग नाही. तीही अवघडायची.

तुमच्याकडे आले ती तानपुरा धरायला मिळेल एवढ्या आशेने. तुम्ही दोन पदं ऐकलीत, चहा टाकलात आणि म्हणालात, "'संशयकल्लोळ'मधली रेवती कर." मी पायाकडे बघितलं. तुम्ही बघितलं नाहीत. "काठीचं काय?" विचारलं तर म्हणालात, "रेवतीची काठी. अजून काय?"

त्या वाक्याची किंमत मला नंतर कळत गेली. दिव्यांग मुलीची करुण कहाणी मला याआधी दोनदा देऊ केली होती आणि दोन्ही वेळा मी नाही म्हटलं होतं. मला रडवणारं पात्र नको होतं, मला देवलांचं हसवणारं 'संशयकल्लोळ' हवं होतं. पुरुष महिन्यांच्या नावांचे, बायका नक्षत्रांच्या, आणि एका तसबिरीवरून सगळ्यांची डोकी फिरलेली! १८९३ च्या गद्य 'तसबिरीच्या घोटाळ्या'त पुढे पदं आली आणि १९१६ मध्ये त्याचं संगीत नाटक झालं. त्यातली रेवती बालगंधर्वांनी केली. पुरुषाने शालू नेसून रेवती उभी केली आणि आपल्या पणज्यांनी ती डोळे मिटून नव्हे, डोळे भरून पाहिली. ज्या रंगभूमीचा प्रेक्षक इतकं मानायला तयार होता, त्याला एक काठी जड होईल असं कुणी ठरवलं? अर्थात त्याच काळात खऱ्या बायकांना ते दार बहुतेक बंदच होतं, आणि हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिकेने रंगमंचावर उभं राहणं हेच मोठं धाडस होतं. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला विंगेत ठेवायचं, हे आधीही माणसांनीच ठरवलं होतं आणि माणसांनीच बदललं.

पण बाई, खरं पत्र त्या भोवळीसाठी आहे. भर उन्हात रेवतीला चक्कर येते, तसबीर हातातून पडते, फाल्गुनराव तिला सावरतो. सगळं नाटक त्या पडण्यावर उभं. आणि मी आयुष्यभर एकच गोष्ट शिकले होते, पडायचं नाही. कॅलिपरच्या गुडघ्याचं कुलूप, म्हणजे कडी, लावलेलं असलं की पाय काठीसारखा ताठ, त्यामुळे मी पडले तर फळी पडल्यासारखी पडते. तुम्ही तीन तालमी नुसतं बघत बसलात. चौथ्या दिवशी विचारलंत, "हे कुलूप उघडलं तर काय होतं?" म्हटलं, "पाय दुमडतो, लगेच." तुम्ही हसलात. गादी घातलीत. भार डाव्या पायावर घ्यायचा, निऱ्यांमधून हात घालून कडी वर ओढायची, आणि मग उजव्या पायावर यायचं. गुडघा खरंच जातो, त्यात अभिनय नाहीच. पहिल्यांदा मी किंचाळले. विसाव्या वेळी फाल्गुनरावांचं काम करणारे काका म्हणाले, "आता मलाच भोवळ येते."

कडीचा 'खट' आवाज होतो म्हणून मी तेल घालून आणलं, तर तुम्ही रागावलात. तबलजी त्या आवाजावर हात उचलू लागले होते.

साधूचं काम करणाऱ्या मुलाला दिसत नाही. त्याच्यासाठी सतरंजीखाली तुम्ही सुतळी चिकटवलीत, पायाला लागेल इतकीच. मंचाच्या पायऱ्यांवर सुताराकडून फळ्या टाकून घेतल्यात, आणि प्रयोगाच्या दिवशी त्यावरून आम्हा दोघांच्याही आधी ऑर्गन वर गेला. ऑर्गन उचलणारी मुलं तुम्हाला अजून दुवा देतात.

प्रयोगात मी पडले तेव्हा पुढच्या रांगेतले दोघं खरोखर उठले. तुम्ही आधीच बजावलं होतं, "उठतील. बसतीलही. तू पडलेलीच राहा." मी पडून राहिले. डोळे मिटलेले, गालाला सतरंजी, आणि ते खाली बसल्याचा खुर्च्यांचा आवाज मला ऐकू आला. इतकं सुरक्षित मला उभं असताना कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या अंकात पदाला वन्समोअर मिळाला. या वेळी नमस्कार मी केला. एका हातात काठी होती, म्हणून एकाच हाताने.

कडी आता फार झिजली आहे, कॅलिपर मिरजेला दुरुस्तीला दिलंय. गुरुवारी मिळेल. शुक्रवारी तालमीला येते. गादी काढून ठेवा.

तुमची,
रेवती