आधी संमती, मग टक्के

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरपोच जेवण देणाऱ्या ॲपवर सरकारने निर्बंध आणावेत का, हा विषय निघाला की गाडी लगेच कमिशनवर येते. मी काही छोट्या हॉटेलांचे हिशेब लिहितो, त्यामुळे टक्क्यांचे दुखणे मला कोणी समजावायला नको. तरी सरकारने आधी हात घालावा तो दुसरीकडे, असे मला वाटते.

मागे एका हॉटेलमालकांना गिऱ्हाइकाचा फोन आला. जेवण गार, एक पदार्थ कमी, पैसे परत करा. मालक चक्रावले, कारण त्यांनी कुठल्याच ॲपशी करार केला नव्हता. पाहिले तर ॲपवर हॉटेलचे नाव, खाली जुन्या मेनूकार्डाचा फोटो, त्यातले निम्मे पदार्थ केव्हाच बंद झालेले. कोणी तरी साध्या गिऱ्हाइकासारखे काउंटरवर येऊन पार्सल नेत होते. शिव्या मात्र यांच्या नावाने! ते पान काढून टाकायला किती ईमेल लागल्या, विचारू नका.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने नेमकी हीच पळवाट बुजवली. २०२० मध्ये तिथे कायदा झाला आणि १ जानेवारी २०२१ पासून हॉटेलशी करार असल्याशिवाय ॲपला त्याच्या ऑर्डरी पोचवता येत नाहीत. करार हातात असला की निदान भांडायचे कोणाशी, एवढे तरी कळते.

दुसरे दुखणे कागदाचे. ॲपकडून हिशेब येतो तो असा: वर एकूण विक्री, मग कमिशन, सवलतीतला हॉटेलचा वाटा, जाहिरात, पेमेंटचा खर्च आणि शेवटी ‘इतर’. या ‘इतर’मध्ये काय बसते, ते मला आजवर कोणी सांगितलेले नाही. तिकडे गिऱ्हाइकाच्या बिलावर वेगळ्याच फी. दोघांनाही एकमेकांचा कागद दिसत नाही, आणि महाग कोणी केले म्हणून दोघे एकमेकांकडे बघतात. कॅलिफोर्नियाने २०२२ पासून रकमेची फोड दोघांनाही दाखवणे ॲपवर बंधनकारक केले. पोचवणाऱ्याला दिलेली टिप कंपनीने ठेवायची नाही, हेही त्याच कायद्यात आहे. ते कायद्यात लिहावे लागले, यातच सगळे आले.

टक्क्यांना कुंपण घालण्याचा अनुभव मात्र संमिश्र आहे. न्यूयॉर्क शहराने पोचवण्याच्या कामासाठी १५ टक्क्यांची मर्यादा २०२१ मध्ये कायम केली. कंपन्या कोर्टात गेल्या, आणि २०२५ मध्ये जादा सेवांसाठी आणखी २० टक्क्यांपर्यंत घेण्याची वाट मोकळी झाली. मर्यादा असलेल्या काही शहरांत तर ॲपनी गिऱ्हाइकाच्या बिलात नवी फीच जोडली. हॉटेलचे वाचले ते गिऱ्हाइकाच्या खिशातून गेले.

ॲप नकोतच, असे माझे म्हणणे नाही. पोचवायला स्वतःचा माणूस ठेवणे ज्यांना परवडत नाही, त्यांचा संध्याकाळचा धंदा ॲपवरच चालतो. पण हॉटेलच्या लेखी संमतीशिवाय नाव लावायचे नाही आणि प्रत्येक कपातीपुढे कारण लिहायचे, एवढ्या दोन नियमांना सरकारी तिजोरीतून फारसा खर्चही येणार नाही.

या आठवड्याच्या कागदावरही ‘इतर’ आहेच. त्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे.

आपला,
एक हिशेबनीस वाचक