मीनलच्या रडण्याबद्दल

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

बाळ 18 दिवसांचं झालं तरी मीनल रोज रडतेय, बाळाला पदराखाली घ्यायची वेळ झाली की तिच्या अंगावर काटा येतो, आणि घरात सगळे म्हणतात, 'बाळंतिणीचं असंच असतं.' पहिल्या आठवड्यात असतं, खरं आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पान्हा फुटतो, त्याच सुमारास डोळेही भरून येतात. पण ते दोन आठवड्यांत ओसरतं. तिचं ओसरलेलं नाही. आता वाट बघू नकोस.

आधी पाजताना तिच्याजवळ बस. बाळाचं पोट तिच्या पोटाला चिकटलेलं हवं, नाक स्तनाग्रासमोर. वरच्या ओठाला टोक लागलं की बाळ तोंड उघडतं. जांभईएवढं मोठं होईपर्यंत थांबायचं, मग बाळाला छातीशी आणायचं. तिनं वाकायचं नाही. हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, भोवतीचा काळसर भाग वरच्या बाजूला जास्त दिसणारा, ही पकड बरोबर. नुसतं टोक तोंडात गेलं तर चिरा पडतात, दूध नीट निघत नाही, बाळ लगेच पुन्हा रडतं आणि आईला वाटतं आपल्याला दूधच नाही. दुखलं तर ओढू नये. स्वच्छ करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवली की पकड सुटते.

दूध पुरतंय का ते रडण्यावरून कळत नाही. दिवसरात्रीत 8 ते 12 वेळा पाजणं, किमान 6 ओले लंगोट आणि जन्माचं वजन भरून आलेलं, एवढं असेल तर पुरतंय. वजन भरलं नसेल तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखव. आणि काकूंना हात जोडून सांग, 'दूध कमी पडतंय वाटतं' हे तिच्यासमोर कुणीही म्हणायचं नाही.

रात्रीची एक पाळी तू घे. तिला सलग चार तास झोप मिळायलाच हवी. तिनं काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्यानं तू पाज. ते फ्रीजमध्ये 4 दिवस टिकतं; उकाड्यात बाहेर ठेवू नकोस.

याच आठवड्यात डॉक्टरांकडे ने. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासायला सांग, दोन्ही बिघडली की असाच थकवा आणि उदासी येते. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची 'एडिनबरो' प्रश्नावली मागून घे. 10 प्रश्न, 30 गुण. तिनं एकटीनं भरायची. 13 किंवा जास्त आले तर मानसोपचारतज्ज्ञ गाठायचे. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर 'कधीच नाही' सोडून काहीही आलं तर बेरीज बघत बसू नकोस, त्याच दिवशी जा. गोळ्या लागल्या म्हणून अंगावरचं तोडावं लागतं असं नाही. सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध दुधात फार थोडं उतरतं, म्हणून पाजणाऱ्या आयांना बहुधा तेच देतात. पाजणंच तिला झेपेना झालं तर पावडरचं दूध द्या, त्यात तिचा काही गुन्हा नाही.

ती रात्र रात्र जागूनही थकेनाशी झाली, असंबद्ध बोलू लागली, बाळाबद्दल भलतेच संशय घेऊ लागली, तर ते वेगळं आणि तातडीचं. बाळासोबत एकटी सोडू नकोस, त्याच रात्री हॉस्पिटल गाठ. एरवी मध्यरात्री बोलायला कुणी हवं असेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात.

बाळाचं आजचं वजन आणि लंगोटांचा आकडा लिहून ठेव आणि उद्या सकाळी मला फोन कर.

तुझी,
वैशाली