बाहेर हो!

गावभाग, सांगली
रविवार

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र येऊन महिना झाला. ‘तो बाकं पाडणारा पोरगा काय म्हणतोय?’ असं तू विचारलंस आणि सांगण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं. आता थोडं आहे.

सातवीत आहे. चिडला की दप्तर भिरकावतो, शिव्या देतो. मी ओरडायचो, ‘बाहेर हो!’ एकदा तर हात उचलला. मुलांना मारायला, छळायला बंदी करणारं 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातलं 17 वं कलम पालकसभेत मीच वाचून दाखवलेलं. त्या रात्री झोप लागली नाही.

मग एका विशेष शिक्षिकेनं वही घालायला लावली. तीन रकाने: भडकण्याआधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर आम्ही काय केलं. मला ती कारकुनी वाटली. तीन आठवड्यांनी वही चाळली आणि गारच पडलो. अकरापैकी नऊ वेळा त्याच्यावर मोठ्यानं वाचायची पाळी येणार होती. तिसऱ्या रकान्यात दरवेळी माझंच अक्षर: ‘वर्गाबाहेर काढलं.’ म्हणजे वाचन टळलं की रे! मी शिक्षा म्हणत होतो, त्याची ती सुटका होती. बाक पाड, सुटशील, हे मीच शिकवलं त्याला.

त्याची आई मार्केट यार्डात हळद निवडायला जाते. मिरजेच्या सिव्हिलला मानसोपचार विभागात दाखवू म्हटल्यावर उसळली, ‘माझं प्वार येडं न्हाई, गुरुजी.’ तिसऱ्या खेपेला तयार झाली, तेही मी सोबत येतो म्हटल्यावर. डॉक्टरांनी आधी विचारलं, घरीही असाच वागतो का? एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलपणाचा त्रास, म्हणायचं तर लक्षणं नुसती शाळेत दिसून भागत नाही. घरी हा गुमान असतो. आता वाचनाची अडचण तपासतायत.

सध्या आदल्या दिवशीच त्याला दोन ओळी नेमून देतो. डोकं तापलं की त्यानं बाकावर लाल खडू ठेवायचा, टाकीवर जाऊन पाणी पिऊन यायचं आणि त्याच ओळी वाचायच्या. ही अट नसेल तर खडूही सुटकेचाच पास. स्टाफरूममध्ये ‘लाड चाललेत’ म्हणतात. म्हणू देत. पण मंगळवारी खडू ठेवायचा राहिला आणि खिडकीची काच गेली. बाकीची पोरं घाबरतात, त्यांचं काय करायचं हे मला अजून जमलेलं नाही.

काल खडू ठेवला, परत आला, दीड ओळ वाचली. उरलेली अर्धी मी मागितली नाही.

परीक्षा संपल्या की ये. भडंग आणून ठेवतो.

तुझाच,
गुरुजी