आधी विहिरी मोजा, मग पर्यटक: लक्षद्वीपबाबत खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय पर्यावरण मंत्री, नवी दिल्ली

महोदय,
स. न. वि. वि.

लक्षद्वीपला पर्यटक वाढवायचे, हे सरकारने ठरवलेलंच दिसतं. आमच्याकडूनही लोक हौसेने निघालेत. जाऊ द्यावं. पण किती जणांना, हे हॉटेलच्या खोल्या मोजून ठरू नये, म्हणून हे पत्र.

छत्तीस बेटं मिळून जमीन जेमतेम 32 चौरस किलोमीटर. वस्ती त्यातल्या दहांवर; 2011 च्या जनगणनेत माणसं 64,473. डोंगर नाही, नदी नाही. पावसाचं पाणी प्रवाळाच्या वाळूत मुरतं आणि हलकं म्हणून खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. प्यायला मुख्यतः हाच पातळ थर. राजधानी कवरत्तीतल्या विहिरींचं पाणी भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होतं, इतका समुद्र जवळ आहे. पंपाने जास्त उपसा केला की खालचं खारं पाणी वर चढतं. शेजारी शोषखड्डा असेल, तर त्यातली घाणही विहिरीत उतरते. समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प कवरत्तीत 2005 पासून आहे आणि तो कौतुकाचाच. पण त्याला वीज लागते, आणि बेटांवरची बरीचशी वीज जहाजाने आणलेल्या डिझेलवर.

वाळूही बाहेरून येत नाही. प्रवाळ मोडून, पॅरटफिशसारख्या माशांनी ते कुरतडून ती तयार होते. लाटांचा जोर मोडणारी प्रवाळभिंत 1998, 2010 आणि 2016 च्या तापलेल्या समुद्रात पांढरी पडली. बंगारमच्या कंकणद्वीपातलं (प्रवाळाच्या कड्यासारख्या बेटसमूहातलं) परळी-1 हे निर्जन बेट 1968 मध्ये सुमारे तीन हेक्टर होतं. आज ते नाही. किनाऱ्यावर काँक्रीटचे टेट्रापॉड (चार पायांचे ठोकळे) रचले की एका जागची वाळू टिकते, पण बऱ्याचदा पलीकडची झिजते. हे खात्याला माहीत नसेल असं नाही.

मागणी एवढीच. वस्तीच्या प्रत्येक बेटावर ठराविक विहिरींचा खारटपणा दरमहा मोजून जाहीर करा आणि उन्हाळ्यातल्या सर्वांत वाईट आकड्यावर पर्यटकांची मर्यादा बांधा. लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळभिंतीच्या आतल्या उथळ पाण्यात, जेटीसाठी खोदकाम करण्याआधी, वाळू कुठून कुठे सरकते याचा वर्षभराचा अभ्यास सक्तीचा करा; फक्त कोरड्या महिन्यांचा नको, पावसाळ्यातलाही हवा. अगत्तीची धावपट्टी बेटाच्या चिंचोळ्या दक्षिण टोकावर आहे, तिथे लांबी वाढवायची म्हणजे समुद्रातच उतरायचं. त्या प्रस्तावालाही हीच अट लावा, आणि अहवाल मल्याळममध्येही छापा. विहिरी तिथल्या लोकांच्या आहेत.

आपला,
भूगोलाचा एक शिक्षक